निखाऱ्याला लाकडाचं घर: स्मोकरसाठी गाडा बांधताना काय चुकलं, काय जमलं

[००:००] सुरुवात

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी अवतार. इअरफोन घरी राहिला असेल, बसमध्ये नीट ऐकू आलं नसेल, किंवा मोजमापं शांतपणे परत बघायची असतील, तर हे वाचा. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' मी बरेचसे काढलेत. राहिले असतील तेवढे चालवून घ्या.

आजचा विषय जरा वेगळा आहे. मी दिवसभर कोड लिहितो. पण गेल्या वर्षभरात मी जे सगळ्यात जास्त वेळा पुसून परत लिहिलं, ते सॉफ्टवेअर नव्हतं. तो होता एक लाकडी गाडा. कोळशावर चालणारा स्मोकर ज्यात बसवायचा, असा चाकांचा गाडा. पहिला गाडा मी स्वतः बनवला आणि एका रात्री तो आतून धुमसायला लागला. घरात आई-बाबा झोपले होते. दुसरा गाडाही मीच बनवला आणि तो आज मजेत उभा आहे. दोन्हींमध्ये नेमका फरक काय, ते आज सांगतो.

एका वाक्यात सांगायचं तर फरक लाकडाचा नाही, स्क्रूचा नाही, पैशांचा तर नाहीच. फरक आहे मोकळ्या जागेचा. पण ते कळायला मला एक फळी जाळावी लागली.

[०२:१०] स्मोकर म्हणजे काय, आणि त्याला गाडा कशाला?

मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या जवळ, एका भाड्याच्या घरात राहतो. या भागात बार्बेक्यू म्हणजे आपल्याकडच्या मिसळीसारखं प्रकरण आहे, प्रत्येकाचं मत ठाम. इथली खासियत ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीकडचं चिवट मांस. ते 'पोस्ट ओक' नावाच्या ओकच्या धुरावर १०-१२ तास, कधी त्याहूनही जास्त वेळ ठेवतात. मी स्वतः चिकन आणि मटणावरच खूश आहे, पण पद्धत तीच: आच कमी, वेळ भरपूर. आतलं तापमान साधारण ११० अंश सेल्सिअस. एवढ्या मंद आचेवर मांसातलं चिवट कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि मटण हाडावरून सुटतं.

माझा स्मोकर 'कामाडो' प्रकारचा आहे. कामाडो हा चुलीसाठीचा जपानी शब्द. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ही मातीची गोलमटोल भांडी घरी आणली. पुढे १९७४ मध्ये अटलांटात एड फिशर यांनी 'बिग ग्रीन एग' सुरू केली आणि तो अंड्यासारखा आकार सगळीकडे ओळखीचा झाला. आज अनेक कंपन्या तसे स्मोकर बनवतात.

याची रचना आपल्या शेगडीच्या फार जवळची आहे. खाली हवा आत यायला खिडकी, तिच्या वर जाळी, जाळीवर कोळसा, वर अन्न, आणि झाकणाला धूर जायला भोक. खालची खिडकी आणि वरचं भोक किती उघडं, यावर आच ठरते. भिंत जाड सिरॅमिकची, त्यामुळे उष्णता आत धरून ठेवली जाते. थोड्या कोळशात रात्रभर काम होतं ते त्यामुळेच.

अडचण एकच. हा प्रकार जमिनीवर ठेवला तर कमरेत वाकून काम करावं लागतं, आणि वजन जवळपास ७५ किलो. तळ गोल, म्हणून स्वतःहून नीट उभाही राहत नाही. म्हणून लोक त्याला लाकडी टेबलात किंवा गाड्यात बसवतात. वर गोल भोक, खाली फळी, बाजूला ताट-चिमटे ठेवायला जागा, पायांना चाकं. विकत घ्यायला गेलं तर हे गाडे चांगलेच महाग. आणि मी बी.टेक. केलेला माणूस, मला काय अवघड, असं वाटलं.

[०५:३०] पहिला गाडा

पहिला गाडा मी दोन शनिवार-रविवारात उभा केला. पाइनच्या फळ्या, खाली प्लायवूड. कामाडोला सिरॅमिकचे तीन छोटे पाय मिळाले होते, साधारण इंचभर उंचीचे. ते पाय थेट प्लायवूडवर, त्यावर कामाडो. आणि दिसायला छान दिसावं म्हणून तिन्ही बाजूंनी फळ्या ठोकून बंद केलं. समोर हवेच्या खिडकीपुरतं भोक. थोडक्यात, मी कपाट बनवलं आणि त्यात शेगडी ठेवली.

फोटो टाकले, लाइक्स आले, सगळे खूश.

चार-पाच वेळा मंद आचेवर चिकन केलं. एकदा आत वाकून बघितलं तर प्लायवूडवर मध्यभागी तपकिरी डाग दिसला. मी मनात म्हटलं, धुरानं रंग आला असेल. मंडळी, ऑफिसमध्ये लॉगमध्ये वॉर्निंग दिसली की आपण काय करतो? 'चालतंय ना, मग बघू.' अगदी तेच केलं.

मग आई-बाबा कोल्हापूरहून आले. त्यांच्यासाठी एका शनिवारी पिझ्झा करायचं ठरलं. पिझ्झाला मंद आच चालत नाही. खालची खिडकी पूर्ण उघडली, काटा ३५० अंशांच्या आसपास गेला, तो दोन-अडीच तास तिथेच. सगळे जेवले, मी दोन्ही भोकं बंद केली आणि झोपलो.

रात्री दोनच्या सुमारास बाबांनी उठवलं. "अरे, कसला तरी वास येतोय. हा तुझ्या त्या धुराचा वास नाही." त्यांचं बरोबर होतं. पोस्ट ओकचा धूर गोडसर असतो. हा वास पेन्सिल जाळल्यासारखा, घशाला लागणारा. बाहेर आलो तर गाड्याच्या फटींतून पातळ, करडा धूर निघत होता. ज्वाळा नव्हती. टॉर्च मारून खाली बघितलं तर प्लायवूडचा मधला भाग काळा आणि त्या काळ्याच्या कडेनं उदबत्तीच्या टोकासारखी लाल रेघ सरकत होती.

आणि हा गाडा उभा होता लाकडी डेकवर. डेक घराला चिकटलेला. आई-बाबांची खोली त्या भिंतीच्या पलीकडे.

मी आईला बाहेर काढलं, बाबांनी बागेचा पाइप आणला. समोरची फळी उचकटली आणि खालून, फक्त लाकडावर पाणी मारलं. तापलेल्या सिरॅमिकवर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं आणि आतले निखारे बाहेर येतात, एवढं सुदैवानं डोक्यात होतं. झाकण उघडलं नाही, तेही बरं झालं, कारण आत हवा गेली की विझत आलेला कोळसा भडकतो. वीस मिनिटांत धूर थांबला. पहाटेपर्यंत आम्ही तिघं खुर्च्या टाकून त्या गाड्याकडे बघत बसलो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या क्षणी अग्निशमन दलाला फोन करायला हवा होता. मी लाजेपोटी केला नाही. ती त्या रात्रीची माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा लहान नाही. तुमच्यावर वेळ आली तर आधी फोन, मग पाइप.

[०९:४०] ज्वाळा नसताना लाकूड का पेटलं?

सकाळी मी गाडा खोलला. मला वाटलं होतं, खिडकीतून एखादा निखारा खाली पडला असणार. पण तसं असतं तर डाग समोर, खिडकीखाली दिसला असता. डाग होता बरोब्बर मध्यभागी, कामाडोच्या पोटाखाली. तिन्ही पायांच्या मधली जागा सगळ्यात काळी, बाहेर जावं तसा रंग तपकिरी, मग पिवळा. म्हणजे निखारा पडलाच नव्हता. नुसत्या उष्णतेनं लाकूड जळलं होतं.

शाळेत शिकलेलं आठवा: उष्णता तीन वाटांनी जाते. वहन, अभिसरण, प्रारण. सिरॅमिकच्या पायांतून खाली गेली ते वहन. तापलेल्या तळातून समोरच्या फळीवर थेट पडत राहिली ते प्रारण, हिवाळ्यात शेकोटीसमोर बसल्यावर फक्त तोंड भाजतं ना, तसं. आणि तिसरी वाट, अभिसरण, म्हणजे गरम हवा वर निघून जाणं आणि गार हवा खालून येणं, तीच मी चारी बाजूंनी फळ्या ठोकून बंद केली होती. येणाऱ्या वाटा दोन उघड्या, जाणारी एक बंद. मग तापमान चढणारच.

आता लाकडाचं. आपल्याला वाटतं लाकूड ज्वाळा लागल्यावरच पेटतं. पण लाकडाला ज्वाळा लागत नाही, पुरेशी उष्णता आणि वेळ लागतो. आधी त्यातलं पाणी निघून जातं. मग साधारण २०० ते ३०० अंशांच्या पट्ट्यात लाकडातले मुख्य घटक भराभर तुटायला लागतात, जळाऊ वायू बाहेर पडतात आणि मागे काळा कार्बन उरतो. त्याहून कमी तापमानातही, पुन्हा पुन्हा आणि तासन्‌तास तापत राहिलं तर लाकूड कोरडं होत, रंग बदलत, हळूहळू खराब होत जातं. असं होरपळलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा सहज धुमसतं.

म्हणजे तो तपकिरी डाग धुराचा नव्हताच. प्रत्येक वेळी चिकन करताना मी ती फळी थोडी थोडी भाजत होतो, पिझ्झाच्या रात्री तिनं हात टेकले. आणि गंमत बघा, कमी हवेत लाकूड तापवणं, कोळसा बनवायची पद्धत नेमकी हीच. वर कोळसा जाळत असताना मी खाली नवीन कोळसा तयार करत होतो.

नाश्त्याला बाबा एवढंच म्हणाले, "कणीसवाल्याची गाडी बघितली नाहीस का कधी? लाकडाचीच असते. पण शेगडी तो फळीवर ठेवतो का? खाली विटा, पत्रा, आणि शेगडीला पाय." मी लहानपणापासून त्या गाडीवर लिंबू-तिखट लावलेली कणसं खाल्ली, पण शेगडीच्या खाली कधी बघितलं नाही. आपल्या गल्लीतला इस्त्रीवालाही तसाच. कोळशाची इस्त्री, लाकडाचं टेबल, आणि इस्त्री टेकवायला लोखंडाचा तुकडा. शंका आली की आता मला ही दोन माणसं आठवतात.

[१३:५०] दुसरा गाडा: आधी जागा, मग थर

दुसऱ्या गाड्याची सुरुवात लाकडापासून केली नाही, जागेपासून केली. लाकडी डेक रद्द. घरमालकाला विचारून मागच्या बाजूच्या काँक्रीटच्या ओट्यावर जागा ठरवली, भिंतीपासून १० फूट लांब. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या इंटरनॅशनल फायर कोडमध्ये अपार्टमेंटसाठी हाच आकडा आहे: कोळशाची शेगडी जळाऊ बाल्कनीवर पेटवायची नाही आणि जळाऊ बांधकामापासून १० फुटांच्या आत नाही. एक-दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना त्यात सूट आहे. मी ती सूट घेतली नाही. का, ते तुम्हाला कळलंच असेल.

मग आले थर. कामाडो आणि फळी यांच्यात आता काय काय आहे, वरून खाली सांगतो:

१. लोखंडी बैठक. कामाडो तिच्या कड्यात बसतो आणि पोटाखाली दोन इंच हवा मोकळी राहते.

२. काँक्रीटची लादी, इथे 'पेव्हर' म्हणतात ती. १६ बाय १६ इंच, दोन इंच जाड. वजन सुमारे २० किलो. प्रारण अडवायचं काम हिचं, आणि चुकून निखारा पडलाच तर तो हिच्यावर पडतो.

३. लादीखाली दोन लोखंडी अँगल. लादी फळीवर टेकत नाही, अँगलवर टेकते. त्यामुळे लादी आणि फळीच्या मध्ये आणखी इंचभर हवा.

४. मग फळ्या, त्याही एकमेकींना चिकटवून नाहीत. दोन फळ्यांमध्ये अर्धा इंच फट, म्हणजे खालून गार हवा वर येते.

बऱ्याच जणांना वाटतं की लादी ठेवली की झालं. लादी उष्णता थांबवत नाही, फक्त उशिरा पोचवते. बारा तास तापली तर तीही खालून गरम होते. म्हणून लादीखालची हवासुद्धा तितकीच महत्त्वाची. आणि ती हवा खेळती हवी. चारी बाजूंनी बंद केलेली हवा म्हणजे पुन्हा माझं कपाट.

याच कारणानं या वेळी बाजूंना सलग फळ्या नाहीत. दीड-दीड इंच फट ठेवून आडव्या पट्ट्या मारल्यात, जुन्या घरांच्या लाकडी गजांसारख्या. दिसायला बंदिस्त वाटतं, हवा मात्र आरपार. समोर, खिडकीच्या बाजूला काहीच नाही, कारण राख काढायची आणि हवा आत घ्यायची जागा तीच. तिथे खाली पत्र्याचा ट्रे आहे, राख काढताना एखादा निखारा उडालाच तर तो ट्रेमध्ये पडतो.

[१७:३०] माप, लाकूड, स्क्रू

आता सुतारकाम. वही काढा.

अमेरिकेत लाकूड विकत घेताना पहिली फसगत मापाची होते. 'टू बाय फोर' मागितलं तर जे मिळतं ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं. 'फोर बाय फोर' म्हणजे साडेतीन बाय साडेतीन. नाव जुन्या, न तासलेल्या मापाचं, हातात येतं तासून-वाळून आलेलं. म्हणून चित्र काढताना नावावर जाऊ नका, टेप लावा.

पायांना मी 'फोर बाय फोर' सीडार वापरलं, वरच्या भागाला साडेपाच इंच रुंदीच्या सहा फळ्या. सीडार हलकं आणि बाहेरच्या हवेत लवकर कुजत नाही. वरचा भाग ६० इंच लांब, ३४ इंच रुंद. माझा कामाडो सगळ्यात रुंद जागी २१ इंच आहे. भोक पाडलं २४ इंचांचं, म्हणजे सगळीकडून दीड इंच मोकळं. भोक आखायला कंपास कुठून आणणार? एक खिळा, एक दोरी, दोरीच्या टोकाला पेन्सिल. खिळ्यापासून १२ इंच. मग जिगसॉनं कापलं.

पण लाकूड कापण्याआधी पुठ्ठा कापा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन मी आधी पूर्ण मापाचं भोक कापून कामाडोवर चढवलं. तेव्हा कळलं की झाकणाची बिजागरी मागे बरीच बाहेर येते, आणि माझ्या उंचीत झाकण उघडलं की ती फळीला घासली असती. खालची फळी दोन इंच वर घेतली. आता झाकण आणि बुड जिथे मिळतात ती कड फळीच्या वर राहते. पुठ्ठ्यावर ही चूक फुकटात निस्तरली. सीडारवर तीच महागात गेली असती.

दुसरी गोष्ट: लाकूड हलतं. दमट हवेत फळी रुंदीत फुगते, कोरड्या हवेत आकसते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सहा फळ्या एकमेकींना चिकटवून घट्ट आवळल्या तर पावसाळ्यात कुठे तरी वाकणार किंवा फाटणार. म्हणून दोन फळ्यांमध्ये पाच मिलिमीटर फट. खालून धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांना गोल भोकाऐवजी लांबट भोकं, म्हणजे स्क्रू घट्ट राहतो आणि फळीला सरकायला जागा मिळते. भोकाच्या डाव्या-उजव्या बाजूला खालून एकेक आडवी पट्टी द्यायला विसरू नका. तिथे फळ्या मध्येच तुटलेल्या असतात, त्यांना आधार लागतो.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साधे लोखंडी लावले तर सीडारमधल्या टॅनिनमुळे आजूबाजूला काळे डाग पडतात, आणि गंज वेगळाच.

स्वस्त म्हणून प्रेशर-ट्रीटेड लाकूड घ्यावं का? चौकटीच्या पायांना चालतं, अन्न ठेवायच्या जागी आणि उष्णतेजवळ नको. आणि जुनं ट्रीटेड लाकूड कुठून काढून आणलं असेल तर जास्त सावध राहा. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिकवालं औषध सर्रास असे. त्याचा एक तुकडाही स्मोकरमध्ये जाळायचा नाही. चुलीत नाही, शेकोटीत नाही, कुठेच नाही.

[२१:४०] चाकं: तीनच चाकं मोजा

कामाडो ७५ किलो, लादी २०, लाकूड साधारण ४५, कोळसा-भांडी-बैठक मिळून १०. एकूण १५० किलो. चार चाकं, म्हणजे प्रत्येकी ३८ किलो पेलणारं चाक घेतलं की झालं? नाही. ओटा कधीच पूर्ण सपाट नसतो. एखादं चाक थोडं अधांतरी राहतं आणि सगळा भार तिघांवर येतो. म्हणून भागाकार तीननं करायचा: ५० किलो. त्यावर फटीतून जाताना बसणारा दणका. मी प्रत्येकी ९० किलोची चाकं घेतली, पाच इंच व्यासाची. लहान चाक ओट्याच्या फटीत अडकतं, आणि पेटलेल्या स्मोकरचा गाडा अडकून कलला तर काय होईल, याचा विचारही नको. चारही चाकांना ब्रेक. आणि निखारे आत असताना गाडा हलवायचाच नाही, हा नियम.

चाकं पायाच्या टोकात सरळ स्क्रूनं बसवू नका. लाकडाच्या टोकाला, म्हणजे जिथे तंतू उभे कापलेले असतात तिथे, स्क्रू नीट पकड घेत नाही. पायांच्या खाली आडवा ठोकळा द्या आणि चाकाची पट्टी त्याला बोल्टनं आवळा.

[२४:००] तेलाच्या चिंध्या

हा भाग लहान आहे पण वगळू नका. बाहेर ठेवायच्या लाकडाला तेल लावतात. जवसाच्या तेलासारखी जी तेलं हवेत वाळतात, ती वाळताना उष्णता सोडतात. तेल पुसलेली चिंधी चुरगळून डब्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. कोणी काडी न लावता. म्हणून चिंध्या बाहेर, काँक्रीटवर, एकेक पसरून वाळवा, पूर्ण कडक झाल्यावरच टाका. कपाटात कोंडलेली उष्णता काय करते ते मी आधीच पाहिलं होतं, त्यामुळे हे वाचल्यावर अंगावर काटा आला.

[२५:१०] चाचणी

पहिल्या गाड्यात मी एकदाही तापमान मोजलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाला माणूस, टेस्ट न करता थेट प्रॉडक्शन!

या वेळी इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, बंदुकीसारखा असतो तो. आधीच लिहून ठेवलं: लाकडाचा कुठलाही भाग ६५ अंशांच्या वर गेला तर गाडा नापास. हा आकडा मी मुद्दाम कमी धरला. पहिली चाचणी मंद आचेची, ११० अंशांवर सहा तास, दर अर्ध्या तासाला नोंद. बाहेरची हवा ३३ अंश होती, लादीखालची फळी ४१ वर थांबली. दुसरी चाचणी पिझ्झाची, ३५० अंशांवर दोन तास. लादीचा वरचा भाग हात लावू नये इतका तापला. फळी ५४. आणि आकडा सगळ्यात जास्त कधी गेला माहितीये? भोकं बंद केल्यावर, आणखी तासाभरानं: ५७. सिरॅमिकमध्ये साठलेली उष्णता नंतर खाली झिरपत राहते. म्हणजे जेवण झालं, आपण झोपलो, आणि लाकडाची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. पहिल्या वेळी रात्री दोनला वास का आला, ते त्या वहीतल्या आकड्यांवरून कळलं.

दोन्ही चाचण्यांना पाइप हाताशी होता आणि मी जागा होतो. आई आतून दर वीस मिनिटांनी विचारत होती, "झालं का रे तुझं?"

[२७:३०] रोजचे नियम

गाडा चांगला झाला म्हणून सवयी सैल सोडायच्या नाहीत. मी एवढं पाळतो:

राख दुसऱ्या दिवशीही गार समजत नाही. निखारा राखेत झाकलेला असेल तर दोन दिवसही जिवंत राहू शकतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा काँक्रीटवर, घरापासून लांब. प्लॅस्टिकच्या कचरापेटीत कधीच नाही.

कोळशाची पिशवी गाड्याच्या आत ठेवत नाही, जागा कितीही रिकामी दिसली तरी. ती जागा हवेची आहे.

पावसाचं कव्हर पूर्ण गार झाल्यावरच.

आच जोरात असताना किंवा भोकं बंद करून पुन्हा उघडताना झाकण आधी इंचभर उचलतो, थांबतो, मग उघडतो. एकदम हवा गेली तर ज्वाळा तोंडावर येते.

महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली वाकून बघतो. तपकिरी डाग दिसला तर वापर बंद, कारण शोधल्याशिवाय परत सुरू नाही.

आणि पाऊस आला, थंडी पडली, तरी स्मोकर गॅरेजमध्ये पेटवायचा नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोकं दुखून झोप येते आणि माणूस उठत नाही. आपल्याकडेही थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्यानं माणसं गेली आहेत. दार किलकिलं ठेवलं म्हणजे चालतं, हा गैरसमज आहे.

[२९:२०] तुमच्याकडे बॅकयार्ड नाही?

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पुण्या-नाशकात फ्लॅटमध्ये राहतात, माहितीये मला. स्मोकर नसेल, पण गच्चीवर तंदूर लावणारे असाल, फार्महाउसवर बार्बेक्यूची जाळी नेणारे असाल, किंवा गावाकडे लाकडी माडीवर शेगडी पेटत असेल. नियम तोच. आगीखाली काय आहे ते वाकून बघा. विटा किंवा लादी ठेवा, तिच्याखालीही हवा ठेवा, आणि त्या हवेला बाहेर जायला वाट ठेवा. गच्चीवरचं प्लॅस्टिकचं टेबल किंवा जुना पाट ही शेगडीची जागा नाही.

आई-बाबा परत जायच्या आदल्या रात्री आम्ही नव्या गाड्यावर कोंबडी केली. कांदा-लसूण मसाला लावून, चार तास, पोस्ट ओकच्या धुरावर. आईचं मत: "चव बरी आहे, पण आपल्या चुलीवर तासात झाली असती." बाबा काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर ते टॉर्च घेऊन बाहेर गेले, गुडघ्यावर बसले, लादीखाली हात घातला आणि फळीला लावून बघितला. मग आत येऊन झोपले.

मी मात्र तासभर थांबलो. ५७ चा आकडा उतरेपर्यंत.

तर मंडळी, आज इतकंच. तुम्ही स्वतः काही बनवत असाल आणि कुठे अडलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. पाठवताना एक फोटो जरूर जोडा. वरून नको, खालून काढलेला. भेटू लवकरच!